दोनदा जेवलेलं काडतूस

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
३० मार्च १९७८

ती. लोवेलदादास,
सा. न. वि. वि.

रविवारी ईस्टरचं जेवण पार पडलं. हॅम खारट झालं होतं. सिग्नेआत्याने ते टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं आणि सांगता सांगता दोनदा वाढून घेतलं. बाबांची ही धाकटी बहीण एकोणऐंशीची झाली, पण जीभ अजून पंचविशीतच आहे. मार्सेलावहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात बाबा काडतुसांच्या पुंगळ्यांचा ठोकळा हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, जरा बघ गं, सगळ्यांत बंदुकीची दारू सारखी आहे का. त्यांच्या हातात बॅटरी होती, पेटलेलीच होती, तरी त्यांना पुंगळीचा तळ दिसत नव्हता. ज्या माणसाने आपल्याला एकेक पुंगळी उजेडात तपासल्याशिवाय वर गोळी बसवू दिली नाही, त्याने मला विचारावं! मी बघितलं, सगळं ठीक होतं. बाबा म्हणाले, मला दिसत नाही म्हणजे माझं काडतुसं भरायचं टेबल सुटलं.

मग ईस्टरला कॉफीच्या वेळी त्यांनी जाहीर केलं. यंदा सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला खडीच्या खाणीवर तुझी पन्नास आणि माझी पन्नास, कमी दारूची हलकी काडतुसं उडवायची. ज्याची जास्त डबे पाडतील त्याला आजोबांची क्राग रायफल आणि टेबल. नियम तेच. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर भरणाऱ्याचं नाव. चिठ्ठीशिवायचं काडतूस बेवारशी, ते तळ्यात फेकायचं.

आता मनातलं सांगते. चार वर्षं त्या टेबलाशी पुंगळ्या मी पुसते, शेजारच्या वर्ननच्या गॅरेजमधलं चाकांच्या तोलाचं शिसं मी वितळवते, गोळ्यांना मेण मी लावते. चिठ्ठीवर नाव मात्र बाबांचं, ‘आयनार’. आणि आता वाटणीची वेळ आली तेव्हा तू बरोबरीचा! लहानपणी मी डबे मांडायची आणि तू पाडायचास, तसंच हे. मला राग आलाय, आणि तो लपवायला मला जमत नाही.

लोभ असावा, पण सप्टेंबरपर्यंत जरा हात राखून.
तुझी, आर्डिस


मेसा, ॲरिझोना
१२ एप्रिल १९७८

चि. आर्डिस हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मार्सेलाचं ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी आहे, म्हणजे लेबर डेला मला येता येणार नाही. माझी पेटी सिग्नेआत्याच्या ओडेलबरोबर पाठवीन. त्याचा ट्रक महिन्यातून दोनदा इकडे येतोच.

तुला राग आला म्हणतेस. मग माझंही ऐक. तुझ्या प्रत्येक पत्रात असतं, बाबा आज हसले, बाबांनी आज अमकी गोष्ट सांगितली, बाबांना आज माझी भाकरी आवडली. मी ते वाचतो आणि बाहेर जाऊन निवडुंगाला पाणी घालतो, ज्याला पाणी लागत नाही. इकडे आल्यापासून चौदा वर्षांत बाबांनी मला सहा पत्रं लिहिली, त्यांतली दोन हवेबद्दल होती. तू रोज त्यांच्या कोपराला कोपर लावून बसतेस आणि वर म्हणतेस, दादा बरोबरीचा कसा!

तो पन्नास भोकांचा ठोकळा मी चौदा वर्षांचा असताना स्वतः भोकं पाडून केलाय, हे विसरू नकोस. त्या टेबलावर मी शिसं ओतलं, बोटं भाजून घेतली, पितळ घासलं. फक्त दारूच्या पळीला बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही. आईच्या विणायच्या सुईचा दांडा लावलेली ती एवढीशी पळी! मागितली की म्हणायचे, तुझा हात घाईचा आहे. मी सत्तावन्न वर्षांचा झालो, बँकेतून निवृत्त झालो, आणि अजून माझा हात घाईचाच.

बरं, आता पळीची गरजही नाही. इथल्या क्लबात एकाने फिरत्या चकतीचं यंत्र घेतलंय. दांडा ओढला की ठिणगी पाडणारी टिकली बसते, दारू आपोआप पडते, गोळी बसते, काडतूस घमेल्यात. मीही तसंच मागवलंय. बाजारातून घेतलेली एक म्हातारी क्राग माझ्याकडे आहेच, तिच्यातून तपासून पाठवीन. तू तुझी चूल पेटव.

आशीर्वाद आहेतच, ते रागातही कमी होत नाहीत.
तुझा, लोवेल


फर्गस फॉल्स
९ जुलै १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वायुवेगाने उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण रूबार्ब आला, त्याचे मुरंबे झाले, मग गवत कापणी आली. आज निवांत आहे.

एक बातमी द्यायची का नाही, याचा आठवडाभर विचार केला. द्यायचीच ठरवलं, कारण मी काही संत नाही. गेल्या मंगळवारी बाबांनी पळी माझ्या हातात दिली. मागितली नव्हती. ते म्हणाले, बुडव, सपाट कर, ओत, आणि मोठ्याने मोज. मी पन्नास मोजल्या. मग त्यांनी माझं मनगट धरून बघितलं आणि म्हणाले, तुझा हात थरथरत नाही. दादा, बावन्न वर्षांत ते माझ्याबद्दल चांगलं असं एवढंच एक वाक्य बोलले असतील. मी ते गोठ्यात जाऊन गाईलासुद्धा सांगितलं.

तुझ्या यंत्राबद्दल त्यांना वाचून दाखवलं. त्यांना आवडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की भरगच्च काडतुसाला यंत्र चालेल, कारण दारू जास्त झाली तर वर सांडते, डोळ्याला दिसते. आपल्या हलक्या काडतुसात दारू तळाला असते, दोनदा पडली तरी पुंगळी रिकामीच वाटते. आणि यंत्राच्या नरड्यात दारू अडकली, तर एक काडतूस उपाशी राहतं आणि पुढचं दोनदा जेवतं. उपाशी सापडलं तर दोनदा जेवलेलं शोधा, ते कुठेतरी असतंच, असं त्यांनी तुला लिहायला सांगितलंय. मी लिहिलं. आता तू आणि तुझं यंत्र.

वहिनींना माझा नमस्कार आणि तुमच्या लेकीला, जोलीनला गोड पापा. तेरा वर्षांची होणार ना ती यंदा?

माया असू द्यावी, पळी मात्र माझ्याकडेच असू द्यावी.
तुझी, आर्डिस


मेसा
२० ऑगस्ट १९७८

चि. आर्डिस हीस,
अ. उ. आ.

मार्सेला परवा दवाखान्यात जाणार. तिची आई मदतीला आली आहे आणि माझ्या चुका मोजते आहे.

तुझं पळीचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मार्सेला म्हणाली, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, कुणाला तरी काहीतरी मिळालं. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात तसं झालं. त्याच दुपारी गॅरेजमध्ये जाऊन यंत्राचा दांडा ओढायला बसलो आणि तासाभरात शंभर काडतुसं घमेल्यात पडली. पितळ आरशासारखं घासलंय. त्यांतली पन्नास मोजून पेटीत घातली, चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं आणि पेटी ओडेलच्या हवाली केली. उरलेली पन्नास इथे ठेवलीत. आठ ऑक्टोबरला जोलीनचा वाढदिवस आहे. माझ्या म्हाताऱ्या क्रागने तिला पहिल्यांदा डबे पाडायला शिकवणार आहे.

उपाशी आणि जेवलेल्याची गोष्ट बाबा मी दहा वर्षांचा असल्यापासून सांगतात. त्यांना सांग, लोवेल आता मोठा झाला.

शुभेच्छा देतो, जिंकण्यासाठी मात्र नाही.
तुझा, लोवेल


फर्गस फॉल्स
६ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मार्सेलावहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे फोनवर कळलं, बरं वाटलं.

सोमवारी खाणीवर सगळे जमलो. बटाट्याचा हॉटडिश होता, कॉफी होती, डास होते. बंदूक दोन्ही पेट्यांसाठी सिग्नेआत्यानेच चालवली, कारण तिची बाजू कुणाचीच नसते. तुझ्या नावाची पेटी आधी उघडली. पन्नासांत सेहेचाळीस डबे पडले. बाबांना दिसत नाही, पण डबा पडल्याचा आवाज ते मोजत होते. शेवटी म्हणाले, शाबास लोवेल.

मग माझ्या नावाची. अकरा झाली. बाराव्याला आत्याने चाप ओढला तर नुसतं खोकल्यासारखं झालं. आत्या म्हणाली, हे तर माझ्या मांजराच्या शिंकेएवढंही लागलं नाही, आणि दांडा मागे ओढून पुढचं भरायला लागली. तेवढ्यात बाबा खुर्चीतून ओरडले, थांब! ओडेलने गज घालून बघितलं, गोळी नळीच्या मधेच अडकलेली. टिकलीच्या जोरावर तेवढीच गेली होती, दारू नव्हतीच. पुढचं उडालं असतं तर क्राग फाटली असती आणि आत्याचं तोंड तिच्याजवळच होतं.

बाबांनी चिठ्ठी वाचायला सांगितली. वर्ननने माझं नाव वाचलं. घरी आल्यावर टेबलाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. क्राग तुझी झाली. ओडेल आणेल तेव्हा आणेल.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही. प्रेम असू दे.
आर्डिस


मेसा
१५ सप्टेंबर १९७८

चि. आर्डिस हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. चारही वेळा ‘शाबास लोवेल’ यापाशी थांबलो. मार्सेला पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, आता ते चौकटीत लावा.

तुझं वाईट वाटलं, खरंच. पळी बुडवताना मोजत नव्हतीस का? गाईशी बोलत होतीस? हात थरथरत नसेल, पण लक्षही तिथे असावं लागतं, बाई. आता चिडू नकोस, मोठ्या भावाने एवढं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? बाबांनी किल्ली काढून घेतली हे योग्यच केलं. मला पळी दिली नाही तेव्हाही योग्यच होतं म्हणायचे. आता कळू दे ते कसं लागतं.

यंत्राबद्दल बाबांना काही बोलायचं असेल तर मी ऐकायला तयार आहे. सेहेचाळीस! मी स्वतःसुद्धा इथे दहा उडवून बेचाळीसचाच अंदाज धरला होता. आता उरलेली चाळीस आठ तारखेला जोलीनची. क्लबातल्या दोघातिघांना बोलावलंय, केक क्लबाच्या मैदानावरच कापायचा बेत आहे. तिला सांगणार आहे की ही तीच काडतुसं, ज्यांनी पणजोबांची रायफल जिंकली.

लोभाची अपेक्षा ठेवतो, जिंकणाऱ्याला ती जास्तच असते.
तुझा, लोवेल


फर्गस फॉल्स
२२ सप्टेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल फोनवर सांगितलं तेवढं तरी पाळलं असशील अशी आशा आहे. हे पत्र वाचेपर्यंत त्या चाळीसांतलं एकही उडवू नकोस. वाचल्यावर तर नाहीच. त्याआधी मी दोनदा फोन केला होता. वहिनींनी उचलला, आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. चोराच्या मनात चांदणं.

लेबर डेच्या सकाळी ओडेलने तुझी पेटी आणून दिली. मी झाकण उघडलं. तुझी काडतुसं एका माळेतल्या मण्यांसारखी चकाकत होती, माझी काळवंडलेली, मेणाने चिकट. बाबांनी तुझं एक हातात घेतलं, बोट फिरवलं आणि हसले. म्हणाले, लोवेलच्या हाताला वळण आलं. मी चार वर्षं त्यांच्या शेजारी बसले होते, आणि हसले ते तुझ्या पितळाला. ते कॉफीला आत गेले आणि मी दोन्ही चिठ्ठ्या काढून उलट्या लावल्या. तुझ्या पेटीवर माझं नाव, माझ्या पेटीवर तुझं.

आता सगळं पुन्हा वाच. सेहेचाळीस डबे पाडले ते माझ्या हातच्या पळीने. ‘शाबास लोवेल’ ऐकताना मी आत्याच्या मागे उभी होते आणि माझ्याच कामाचं कौतुक दुसऱ्याच्या नावाने ऐकत होते. करावं तसं भरावं, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि जे उपाशी निघालं ते तुझं होतं, दादा. तुझ्या यंत्राचं.

त्या पेटीतली उरलेली अडतीस मी दुसऱ्याच दिवशी ओढून उघडली. सगळ्यांत दारू सारखी होती. आधीच्या अकरांत दोनदा जेवलेलं असतं तर आत्याच्या खांद्याने आणि तिच्या जिभेने सांगितलं असतं. तूही दहा उडवलीस, तुझी बोटं जागेवर आहेत. म्हणजे ते त्या चाळीसांत आहे, जोलीनच्या वाढदिवसाच्या पेटीत. मी हे सोळा दिवस ठाऊक असून गप्प बसले. लाजेने गप्प बसले असं म्हणायला आवडेल, पण नुसती लाज नव्हती. तू मागचं पत्र लिहून मला बोल लावलेस, तेव्हा मनात आलं होतं, बस आता तुझ्या यंत्रापाशी. दोन दिवस ते मनात राहिलं. मग जोलीनचे दात आठवले, पुढे जरासे आलेले, आईसारखे.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगीन.

लोभ मागायचं तोंड नाही. काडतुसं उघड, एवढंच मागते.
आर्डिस


मेसा
२९ सप्टेंबर १९७८

आर्डिस,

मायना सुचत नाही.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोटं वाटलं, हे आधी कबूल करतो. मला वाटलं, हरली, आता रायफल हातची गेली म्हणून ही गोष्ट रचली. मार्सेलाला तसंच म्हणालोही. ती कुबड्या घेऊन उठली, पेटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला, उघडा की.

अंगणात टेबल मांडलं. गोळी ओढायची आणि दारू पांढऱ्या बशीत ओतायची, असं करत बसलो. मार्सेला खुर्चीतून मोजत होती. दहा, सगळी सारखी. वीस, सारखी. पंचवीसला मी हसून म्हटलं, बघ, बहीण कशी आहे माझी. सत्ताविसावं ओतलं तर बशीत डोंगर झाला.

तेच ते. दुप्पट. एरवी बाकीच्या काडतुसांसारखंच चकाकत होतं. मी ती बशी किती वेळ हातात धरून बसलो होतो ठाऊक नाही. माझे हात थरथरायला लागले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. तुझे थरथरत नाहीत म्हणे.

आता रागाचं. चिठ्ठ्या बदलल्यास म्हणून मला राग आलाय आणि तो राहील. पण तू सांगितलं नसतंस तर आठ तारखेला ते पोरीच्या गालाशी असतं. आणि हेही लिहितो, की तुझं पळीचं पत्र आलं नसतं तर मी त्या दुपारी असा दांडा ओढत बसलो नसतो. दारूची नळी मधेच अडकल्याचं मला कळलंही होतं, मी यंत्राला एक बुक्की मारली आणि पुढे गेलो. बाबा म्हणायचे तसा घाईचा हात. सत्तावन्न वर्षांचा आणि घाईचाच.

ते सत्ताविसावं काडतूस मी रिकामं करून ठेवलंय. चिठ्ठी बांधली आहे, ‘भरणारा: लोवेल’. बाबांना सांग. मीही लिहितो.

तुझा भाऊ, लोवेल


फर्गस फॉल्स
१४ ऑक्टोबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जोलीनच्या वाढदिवसाचे फोटो मिळाले. केक तिच्या नाकाला लागलाय, बाकी पोरगी धडधाकट आहे. तो फोटो मी फ्रीजवर लावलाय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाबांना दोन्ही पत्रं वाचून दाखवली, माझंसुद्धा, एकही ओळ न गाळता. ते ऐकत राहिले. मग उठून आपल्या खोलीत गेले. दोन दिवस जेवायला आले, मीठ मागितलं, त्यापलीकडे शब्द नाही. सिग्नेआत्या आली होती, तिने त्यांना विचारलं, पोरीला आता काय बर्फात उभी करणार आहेस का?

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बोलले. म्हणाले, चिठ्ठी जे सांगते ते मला ऐकावं लागतं, मला डोळे नाहीत. दारू चुकली तर मी माफ करीन, माझीही चुकली आहे. चिठ्ठी खोटी लिहिली तर पुढचा माणूस कुणावर विश्वास ठेवणार? सेहेचाळीसच्या चिठ्ठीवर लोवेलचं नाव आहे, रायफल लोवेलची. मी मान खाली घालून हो म्हटलं. मला रडू आलं, पण ते त्यांच्या न्यायाचं नव्हतं. क्राग इथून जाणार, याचं होतं. ओडेल पुढच्या फेरीत ती आणेल. तिला तेल लावून ठेवलंय, मीच लावलं.

मी भांडी उचलायला उठले तर माझ्या कपाजवळ रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उघडलं तर पळी. आईच्या सुईचा दांडा त्यांनी नुकताच घासलेला. बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, तुला चिठ्ठी लिहिता येत नाही, पण पळी भरता येते. टेबलाची किल्लीही तिथेच होती.

दादा, रायफल तुला गेली म्हणून मला अजून वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू.

मनात जे असेल ते असो, तुझी माया माझ्यावर राहो.
तुझी, आर्डिस


मेसा
५ नोव्हेंबर १९७८

चि. आर्डिस हीस,
अ. उ. आ.

क्राग आली. ओडेलने ती तीन घोंगड्यांत गुंडाळून आणली, नवजात बाळ आणावं तशी. दिवाणखान्यात दोन खुंट्यांवर टांगली आहे. क्लबातले येऊन बघून गेले, लाकडावरून हात फिरवून गेले. मार्सेलाची आईसुद्धा चांगलं बोलली, हे तू नोंदवून ठेव.

मी रोज तिच्यासमोर बसतो. चाळीस वर्षं मला वाटत होतं की मला ही रायफल हवी आहे. आता ती समोर आहे आणि मला कळलं, की मला ती कधीच नको होती. मला पळी हवी होती. बाबांनी माझ्या हाताखाली हात धरून म्हणावं, बुडव, सपाट कर, ओत, एवढंच हवं होतं. ते तुला मिळालं. मी या जगात कुणाचाही हेवा केला नसेल इतका तुझा करतो, आणि तुझ्यावरच जीव आहे, त्यामुळे फार पंचाईत होते.

पळी दे म्हणत नाही. एक महिन्यासाठी पाठव. रिकामीच. मी काही भरणार नाही, यंत्र विकून टाकलंय. नुसती हातात धरून बघतो आणि ओडेलच्या पुढच्या फेरीला परत करतो. शपथ घेतो.

तुझ्या लोभाचा कधी नव्हे एवढा भुकेला,
लोवेल


(पोस्टकार्ड)
फर्गस फॉल्स
१३ नोव्हेंबर १९७८

ती. दादास, सा. न. वि. वि.

पळी मिळणार नाही. पोस्टाने नाही, ओडेलबरोबर नाही, एका महिन्यासाठीही नाही. मे महिन्यात शिसं वितळवायचं आहे. बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, त्याला ये म्हणावं, त्याच्या हाताखाली मी हात धरीन, मोजायचं मात्र आर्डिसने. चिठ्ठीवर दोघांची नावं येतील. माझं वर. वहिनींना नमस्कार. लवकर ये, बाबा ब्याऐंशीचे आहेत.

आ.